दाराच्या दृश्यातल्या चार फ्रेम्स

"थांबव," आत्या म्हणाली. "इथं तू काय बोलतेस?"

"इथं काही नाही. मुलांना नुसतं बघू दिलंय."

"किती वेळ?"

टिकलीने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. "दोन मिनिटं दहा सेकंद."

"म्हणजे तेवढा वेळ सिनेमा दुसऱ्याचा, आणि तू नुसती पडदा ओढणारी!"

टिकलीचं तोंड एवढंसं झालं. लहानपणी इवलीशी होती म्हणून आत्याने ठेवलेलं हे नाव चौतीस वर्षांची झाली तरी सुटलं नव्हतं. ती शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी 'सिनेमा कसा बघायचा' असे छोटे व्हिडिओ मुलांसाठी इंटरनेटवर टाकायची. चार वर्षांत एकशे बारा धडे झाले होते. आता एका जुन्या सिनेमाच्या मालक कंपनीची नोटीस आली होती: सात दिवसांत आमच्या सिनेमावरचा हा धडा काढा, नाहीतर हरकत नोंदवू. आधीच्या दोन हरकती खात्यावर होत्याच; दोन्ही वेळा तिने धड्यामागे हौसेने गाणी लावली होती. तिसरी लागली की चॅनेल बंद. सगळेच्या सगळे एकशे बारा धडे पुसले जाणार. आज पाचवा दिवस होता.

"मी त्यांना लिहिते," टिकली म्हणाली, "की हा सिनेमा माझ्या आत्यानं स्वतःच्या हातांनी जोडलाय. आमचा काही हक्क आहे की नाही?"

"शिंप्यानं शिवला म्हणून सदरा शिंप्याचा होतो का गं?"

"मग काढून टाकू धडा?"

"काढायचा तर पटून काढ, भिऊन नको. गिऱ्हाईकाचा सदरा अंगात घालून मिरवायचं नाही. पण शिवण कशी घातली हे शिकवायला चार बोटं कापड उलटून दाखवलं, तर गिऱ्हाईकाचं काय गेलं? बघ विचार करून. तुझा धडा बघून कुणी म्हणेल का, की चला, आता सिनेमा बघायला नको?"

टिकली खाली मान घालून म्हणाली, "म्हणतील. सगळं चांगलं चांगलं तर मीच दाखवून टाकलंय."

"अगं मग नोटीस आली त्यात नवल काय!" आत्या हसली. "वही आण."

एकतीस वर्षं आत्याने फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कापली होती. संकलक आधी साध्या प्रतीवर कापाकापी करून सिनेमा जुळवत असे. मग प्रतीच्या काठावरचे बारीक आकडे वाचून मूळ निगेटिव्ह तंतोतंत तशीच कापायची आणि जोडायची, हे तिचं काम. प्रत बिघडली तर दुसरी निघते, निगेटिव्ह एकच. म्हणून नियम होता: डोळे आकड्यांवर, चित्राकडे बघायचं नाही. प्रत्येक काप वहीत लिहायचा. लॅबमध्ये तिला 'कात्रीबाई' म्हणत. नव्या मुलींना सांगत, "हिच्याकडून शिका. हिचा काप कधी चुकला नाही."

आज तशीच वही तिने टिकलीला आखायला लावली. कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत, आणि पुढच्या रकान्यात कशासाठी. 'कशासाठी' सुचलं नाही की तुकडा बाद. गाण्याचं कडवं गेलं. टेकडीवरचा सूर्यास्त गेला.

"आत्या, किती सुंदर होता गं तो!"

"सुंदर आहे हे कारण नाही. सुंदर तर शेजारणीचं लुगडंही असतं."

दुपार उलटेपर्यंत धड्यात घेतलेल्या सिनेमाच्या तीन मिनिटांतले अकरा सेकंद उरले. दाराचं दृश्य. मुलगी घर सोडून निघते, आई दार लावायला हात उचलते, आणि एकदम दार लागलेलंच दिसतं. हात दाराकडे निघालेला दिसतच नाही. बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं.

"हे मात्र हवंच," टिकली म्हणाली. "ह्याच्यावर तर मी बोललेय. दिग्दर्शकानं मुद्दाम काळ कापला, म्हणून आईला सावरायला क्षणसुद्धा मिळत नाही."

"हे तुझं?"

"नाही... सगळेच समीक्षक लिहितात."

"दुसऱ्याचं चित्र आणि दुसऱ्याचंच बोलणं. मग तुझं काय आहे ह्यात?"

टिकलीने पेन खाली ठेवलं. आत्या उठली, खिडकीशी गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

"मुद्दाम नाही कापलं कुणी. माझ्याकडून गेलं ते."

"काय?"

"त्या दिवशी मी चित्राकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. काचेखालून दिवा, वर त्या आईचा चेहरा... आकडा सोडून मी तिच्याकडेच बघत बसले, आणि कात्री चार फ्रेम्स अलीकडे पडली. सेकंदाचा सहावा भाग. पण निगेटिव्ह एकच."

"मग?"

"संकलकाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, गप्प बस. दिग्दर्शकानं पडद्यावर बघितलं, म्हणाला, वा, असंच राहू दे. पुढं बक्षीस मिळालं त्यांना. आणि मला निरोपाच्या दिवशी हार घालून म्हणाले, एकही काप चुकला नाही." आत्याने टिकलीकडे बघितलं. "हे सांग तुझ्या मुलांना. हे कुठल्याच पुस्तकात नाही."

"आत्या, अगं लोक काय म्हणतील? तुझं सगळं नाव त्या एका गोष्टीवर..."

"तू नको सांगूस मग. मी सांगते. लाव ते यंत्र. आणि थांब, केस तरी नीट करू दे."

नव्या धड्यात अकरा सेकंदांचा तुकडा दोनदा आला, एकदा तसाच आणि एकदा सावकाश. त्यावर आत्या बोलत होती, शाळेतल्या बाईंसारखी, बोट दाखवून दाखवून. "मुलांनो, हात बघा. आता हात कुठाय? नाही ना? तो मी हरवला." एवढं बोलून ती स्वतःच खुदकन हसली होती. टिकलीने ते हसू कापलं नाही. जुना धडा काढून तिने नवा कंपनीकडे पाठवला, सोबत वहीचं पान: सेकंद आणि कारण.

सातव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. दोनच ओळी. 'नवी आवृत्ती पाहिली. आमची हरकत नाही.'

टिकलीने आत्याला गदागदा हलवलं. "जिंकलो! आत्या, जिंकलो आपण!"

"जिंकायला काय कुस्ती होती? कारण दिलं, त्यांना पटलं." पण आत्याचा चेहरा फुलला होता. मग तिने कपाटातून चष्म्याचं जुनं घर काढलं, आतली टिश्यूची घडी उलगडली. बोटभर लांबीची फिल्मची पट्टी होती.

टिकलीचे डोळे विस्फारले. "त्याच ह्या?"

"घाबरून पदरात लपवल्या होत्या. बेचाळीस वर्षं झाली. पाकीट आण एक, कंपनीचा पत्ता घाल त्याच्यावर."

"वेडी आहेस का? ठेव ना! कोण विचारतंय?"

"कुणी विचारत नाही म्हणूनच द्यायच्या. त्यांच्या आहेत."

टिकली पाकीट आणायला गेली. आत्याने पट्टी दोन बोटांत काठाने धरून खिडकीच्या उजेडासमोर नेली. काठावर आकडे होते. त्या दिवशी सुटलेला तो आकडाही होता. तिने तो वाचला नाही. चार छोट्या चौकटींत, निगेटिव्हच्या उलट्या रंगांत, अंधार पांढरा होता आणि आईचा हात काळा, दाराकडे निघालेला. पहिल्या चौकटीपासून चौथीपर्यंत तो केसभर पुढे सरकला होता.

टिकली पाकीट घेऊन आली आणि दारातच थांबली. आत्याचं बघून व्हायचं होतं.