खवट तेलाला नवापैकी नऊ

बाराच्या बारा जणांनी चारही वाट्यांना नवापैकी नऊ गुण दिले, तेव्हा अक्षतानं सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून तपासले.

दुसरी कुणी असती तर नाचली असती. पण त्या चारपैकी एका वाटीतलं तेल तिनं मुद्दाम खवट होऊ दिलं होतं. सहा महिने, प्रयोगशाळेच्या गरम कपाटात, काहीही न घालता. सांगलीच्या कॉलेजात शिपायानं त्याची बाटली उघडली आणि पाठोपाठ खिडकीही उघडली होती. त्या तेलालाही गावानं नऊ दिले. सुभेदार आप्पासाहेबांनी तर नवाच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. फौजेतून परत आल्यापासून या गृहस्थांनी सरपंच म्हणू नका, सोसायटीचा चेअरमन म्हणू नका, एकालाही पास होण्यापुरते गुण दिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. ते खवट तेलावर एवढे मेहेरबान कसे झाले?

उंब्रजहून आत, तारळी नदीच्या काठचं हे गाव अक्षताचंच. वडील मिलिंद एसटीत कंडक्टर. नोकरीपायी मलकापूरला गेले, पण बौद्धवस्तीतलं घर त्यांनी मोडलं नाही. अक्षता सांगलीला वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. विषय सांगायला सोपा. घाण्यावरचं शेंगतेल चवीला फक्कड, पण ठेवलं की खवट होतं. द्राक्षाच्या बियांमध्ये मात्र असं काही असतं, की ते तेलाला हवेच्या माऱ्यापासून राखतं. रसाच्या कारखान्यामागं या बियांचे ढीग कुजत पडतात. अक्षतानं त्या आणल्या, वाळवल्या, दळल्या, त्यांचा अर्क काढला आणि तेलात घातला. तेलाच्या शेंगा आप्पासाहेबांच्या रानातल्या. फुलांतून उतरणाऱ्या आऱ्या जमिनीत शिरायच्या वेळी जिप्समचं खत टाकून, तण काढून, तिच्या सांगण्याबरहुकूम त्यांनी त्या पिकवल्या होत्या. आणि सांगणारी पोर पंचविशीची आहे, याबद्दल एकदाही कुरकुर केली नव्हती. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

वाट्या अशा. पहिलीत ताजं तेल. दुसरीत जुनं आणि साधं, म्हणजे तेच खवट. तिसरीत तेवढंच जुनं, पण थोडा अर्क घातलेलं. चौथीत भरपूर अर्क घातलेलं. वाट्यांना नुसते आकडे चिकटवलेले. कुठल्या वाटीत काय, हे एकट्या अक्षताला ठाऊक. खवटपणा मोजणाऱ्या यंत्राचा कौल चौथीला होता आणि अक्षताचा जीवही चौथीतच अडकला होता. पण यंत्र भाकरी खात नाही. संयोगिता मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, म्हणाल्या होत्या, “आपल्या स्टाफरूममध्ये सगळे पिशवीतलं रिफाइन्ड खातात. त्यांना काय चव कळणार? जन्मभर शेंगतेल खाल्लेली माणसं शोध.”

शोधली, आणि हे असं झालं. समाजमंदिराच्या पायरीवर बसून तिनं मॅडमना फोन लावला.

“खवट तेलाला नऊ?” मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. “अक्षता, हे गुण तेलाला नाहीत, तुला मिळालेत. ते मी विद्यापीठाच्या समितीपुढं ठेवू शकत नाही. किती तेल उरलंय?”

“एका फेरीपुरतं.”

“मग ती फेरी नीट कर. पुढच्या आठवड्यात समिती आहे. पुन्हा तेल जुनं करत बसायला आपल्याकडं मुदत नाही.”

तिनं आप्पासाहेबांना गाठलं. ते कट्ट्यावर पेपर वाचत होते.

“आप्पा, खरं सांगा. दुसऱ्या वाटीला वास नव्हता?”

“वास? कसला वास? झ्याक होतं की.”

“आवं, खवट होतं ते!”

“आसंल. आमाला न्हाई बा जाणवलं.” सुभेदारांनी पेपर वर धरला. पेपर उलटा होता.

दुपारी त्यांच्याच घरी जेवायला होती. सुभेदारांच्या पत्नी विजयमालाकाकींनी ताट वाढलं, आमटीचा पहिला घोट घेतल्याबरोबर अक्षताच्या जिभेला मीठ झोंबलं, आणि तिनं नेहमीसारखं म्हटलं, “काकी, आमटी मस्त झालीय.” दर खेपेला ती हेच म्हणायची. काकी खूश झाल्या, आणखी एक पळी वाढली. एक कैदी दुसऱ्या कैद्याकडं ज्या नजरेनं पाहतो, त्या नजरेनं आप्पासाहेबांनी अक्षताकडं पाहिलं.

आप्पासाहेब हात धुवायला गेल्यावर काकी जवळ सरकल्या.

“पोरी, खरं सांगू? भ्यालेत सगळी.”

“कशाला?”

“तू वाढलंस ना सोताच्या हातानं. तुज्या हातचं वाईट म्हटलं, आन कुणी म्हणालं की बघा, आजून यांच्या मनात तेच हाय, तर? म्हणून समद्यांनी घाईनं नऊ टाकलं. आमच्या ह्यांनी तर दोन रेघा वडल्या.”

गावं अशा गोष्टी लिहून ठेवत नाहीत, पण विसरतही नाहीत. तिच्या आजीला याच घराच्या खळ्यावर ओंजळीत वरून पाणी घातलं जायचं. ते घालायला तेव्हा लहानग्या आप्पासाहेबांनाच पाठवत. पुढं फौजेत एका पातेल्यातलं खाऊन आलेल्या माणसाला ती ओंजळ अजून दिसत असणार, आणि जमेच्या बाजूला काय लिहावं हे न सुचून त्यांनी नऊ लिहिलं असणार. राग धरावा तर कुणावर? आणि आभार मानावेत तर खवट तेलाचं काय करावं?

संध्याकाळी ती वस्तीतल्या घराच्या ओट्यावर वाट्या विसळायला बसली. चारही वाट्यांत तळाला थोडंथोडं तेल राहिलं होतं. तेवढ्यात काठी वाजवत रंगुबाई आली. मराठा आळीतली म्हातारी, ऐंशी कधीच ओलांडलेली. दोन दिवस लेकीकडं होती, म्हणून सकाळच्या कार्यक्रमाला मुकली होती आणि त्याचा तिला संताप होता.

“माज्याबिगर कसलं तेल चाखलं गं? आण इकडं.”

अक्षतानं भाकरीचा तुकडा दिला. रंगुबाईनं तो नेमका दुसऱ्या वाटीत बुडवला, तोंडात घातला आणि ओट्याखाली थुंकली.

“आगं ए भवाने! गाव मारायला निगालीस व्हय? खवट हाय त्ये!”

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी गडबडली.

“आता रडतीस कशाला? खवटाला खवट न्हाई म्हनायचं तर काय बासुंदी म्हनायचं?”

“म्हण, आज्जे. अजून म्हण. बाकीच्या बी चाख.”

पहिली आणि तिसरी वाटी रंगुबाईनं मुकाट्यानं चाटूनपुसून संपवली. चौथीला तिनं टाळूवर जीभ आपटली. “ह्ये खवट न्हाई. पर जिबंला कच्चा आवळा चोळल्यागत झालंय. ह्यात काय घातलंस?”

अक्षताचा आनंद तिथंच थोडा उतरला. चौथी म्हणजे तिची लाडकी. एकट्या म्हातारीच्या जिभेवरून निकाल लागत नाही, असं तिनं मनाला बजावलं.

“तुजी आजी बी आशीच,” रंगुबाई ओट्यावर ऐसपैस बसली. “रानात तण भांगलायला आमी एका वळीत. दुपारच्याला लिंबाखाली भाकरीची फडकी सोडायची, तिची भाजी मी खायची, माजं कालवण ती. वस्तीत न्हाई, आळीत न्हाई, फकस्त रानात. कुणी बगितलं आसतं तर माज्या सासूनं मला घरात घेतलं नसतं. आन काय सांगू, तिच्या भाजीला मी नावं ठेवली न्हाईत आसा एक दिस न्हाई! ती बी काय कमी? माज्या कालवणाला पाणचट म्हनायची. मरेपतुर म्हनली.”

“आणि तुला राग नाही यायचा?”

“यायचा की. दुसऱ्या दिशी जादा मिरची घालून आणायची मी.”

अक्षतानं म्हातारीचे पाय धरले. रंगुबाईला ते कळेना; आपण नेमकं काय दिलं, याचा तिला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बारा जण पुन्हा शाळेच्या खोलीत आले. रंगुबाईलाही बसायचं होतं, पण तिची जीभ आधीच बाटलेली, म्हणून अक्षतानं तिला व्हरांड्यात बसवलं. त्यावरून म्हातारीनं शाळेला, सरकारला आणि विज्ञानाला मिळून एकच शिवी दिली.

वाट्या मांडण्याआधी अक्षता उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. ऐन वेळी सगळं विसरली.

“काल तुमी मला नऊ दिलं,” ती म्हणाली. “लय उपकार झाले. पण नऊ पाहुण्याला देत्यात. माझ्या आजीच्या भाजीला रंगूआज्जी रोज नावं ठेवायची, आणि आजी मरेपर्यंत त्या दोघी एका फडक्यावर जेवल्या. मला बी तसंच पायजे. मी गावची असंन तर नावं ठेवा.”

कुणीच कुणाकडं बघेना. तेवढ्यात व्हरांड्यातून रंगुबाईचा आवाज आला, “ठेवा की रं! तोंडात काय बोळा घातलाय?”

मग तिनं सगळ्यांना लांब लांब, भिंतीकडं तोंड करून बसवलं, म्हणजे एकाचं पाहून दुसऱ्यानं गुण द्यायला नकोत. “शाळंत शिक्षा झाल्यागत वाटतंय गड्या,” आप्पासाहेब भिंतीला म्हणाले. भाकरी आली. तेलात मीठसुद्धा नाही. तुकडा, घोटभर कोमट पाणी, पुन्हा तुकडा.

आणि काय सांगावं! काल ज्यांच्या जिभा संत झाल्या होत्या, त्या आज माणसांत आल्या. एकानं दुसऱ्या वाटीबद्दल लिहिलं, “बैलगाडीच्या आसाला बरं.” दुसऱ्यानं थेट कागदावर नाकाचं चित्र काढलं. आप्पासाहेबांनी दुसऱ्या वाटीला एक गुण दिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि कागद हातात देताना अक्षताच्या नजरेला नजर दिली. कालपासून ते टाळत होते ते हेच.

“एक बी जास्तच हाय,” ते म्हणाले. “काल नऊ लिवलं, आन रात्रभर पोट बिघडलं होतं माजं.”

“मग सांगायचं ना, आप्पा!”

“सांगितलं की आता.”

गुणांची बेरीज झाली. दुसरी वाटी सपशेल नापास. ताज्या तेलाच्या अगदी खांद्याला खांदा लावून तिसरी उभी राहिली; थोडा अर्क घातलेली. म्हणजे द्राक्षाच्या बियांनी सहा महिने तेल राखलं, हे बारा जिभांनी ओळखलं होतं. आणि चौथीला, यंत्राच्या आणि अक्षताच्या लाडकीला, मधले गुण. शेरे एका सुराचे: तुरट, लय तुरट, घसा धरतो.

क्षणभर तिला वाईट वाटलं. आठवड्याभरात समितीसाठी लिहिलेलं अर्धं प्रकरण बदलायचं होतं. तिनं मॅडमना फोन केला.

“जास्त अर्क पडला, मॅडम. चौथी गेली.”

“तिसरी राहिली ना? अगं, मला हेच हवं होतं. जास्तीचा अर्क कुणाला परवडणार होता? आता हे गुण मी कुणापुढंही ठेवीन. त्या बारा जणांची नावं प्रबंधाच्या आभारात घाल.”

“तेरा,” अक्षता म्हणाली. व्हरांड्यात रंगुबाई कुणाला तरी सांगत होती, की परीक्षा तिनं आदल्या दिवशीच घेतली होती, ह्यांनी नुसती नक्कल मारली.

दुपारी निघण्याआधी विजयमालाकाकींनी पुन्हा जेवायला बसवलं. आप्पासाहेब समोर. आमटी वाढून काकी नेहमीसारख्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

“कशी झालीय गं?”

अक्षतानं घोट घेतला. तोंडाशी आलेलं “मस्त” तिनं गिळलं.

“काकी, मीठ लय पडतंय. आजच न्हाई, रोजच.”

विजयमालाकाकींचा हात पदरावरच थांबला. त्यांनी अक्षताकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. सुभेदारांनी डोळे मिटून, देवाचं नाव घ्यावं तसा एक मोठा श्वास सोडला.

“तीस वर्सं,” ते म्हणाले. “तीस वर्सं कुणीतरी बोलंल म्हणून वाट बघतोय मी.”

“तुमाला बोलायला काय धाड भरली हुती?” काकी गरजल्या. मग हसूच आलं त्यांना, पदर तोंडाला लावून हसल्या. अक्षताच्या वाटीत त्यांनी गरम पाणी ओतलं, आमटी ढवळली, आणि तिच्यासमोरच पाट ओढून पहिल्यांदा तिच्यासोबत जेवायला बसल्या.

“खा आता. आन भाजीचं बी सांग.”