पासपोर्टावरचं कुंकू

पासली गावाच्या वरच्या धनगरवाड्यातून आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं, आणि कोमल बसणार होती. आखातातल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून. उद्या सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसरीला, असं एजंटानं बजावून सांगितलेलं. म्हणून तर नाथा आणि भागूबाई, तिचे आईबाप, मेंढरं भावकीच्या गळ्यात घालून तिला पोचवायला मुंबईच्या विमानतळावर आले होते.

पण भागूबाईनं काय करून ठेवलं होतं, ते ऐका. रविवारी व्हिसा लागून एजंटाकडून पासपोर्ट घरी आला. तिनं उघडून बघितला, तर फोटोत पोरीचं कपाळ मोकळं! फोटोवाल्यानं टिकली काढायला लावली होती म्हणे. अहो, आईला कसं बघवेल? नवी गाडी आली, नवा विळा आला तरी आपण कुंकू लावतो. ही तर पोटची लेक. तिनं तेलात कुंकू कालवलं, फोटोतल्या कपाळावर ठसठशीत लावलं आणि पुस्तक मिटून चार दिवस भैरवनाथापुढं ठेवलं. निघताना कोमलनं ते उचललं, डोळ्यांना लावलं आणि पर्समध्ये टाकलं. उघडून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

उघडलं ते विमानतळाच्या दारावरच्या बंदूकवाल्या जवानानं. त्यानं पानावर अंगठा घासला, पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि सोडलं आत. कोमलनं मात्र ते लाल पान बघितलं आणि मागं वळून आईकडं नजर टाकली. नाथाचं ध्यानच नव्हतं. तो लोकांच्या सामानाच्या ढकलगाड्या बघत होता.

तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. लांबवर कोमलची निळी ओढणी काउंटरपाशी पोचली. तिथल्या बाईनं पासपोर्ट मशीनवर ठेवला, उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. मग तिनं साहेबाला बोलावलं, आणि साहेबानं नकारार्थी मान हलवली.

भागूबाईचा मोबाईल वाजला. ती चार पावलं बाजूला झाली.

"आय, तेल पलास्टिकच्या आत उतरलंय. खालच्या वळी मशीनला वाचता येईनात. खराब पासपोर्टावर न्हाई सोडत म्हणत्यात."

"मग पदरानं पूस की गं!"

"पुसलं. लईच पसरलं."

"म्या येते आत. म्या लावलं म्हणून सांगते सायबाला."

"नगं. आन आबांस्नी तर अजिबात सांगू नगंस. काउंटर बंद व्हायला ईस मिनिटं हायेत. बघते म्या."

बघते म्हणजे काय, डोंबल! भागूबाई जवानापुढं जाऊन हात जोडून उभी राहिली. "दादा, पाच मिनिटं सोडा. माझ्या लेकीची काय बी चूक न्हाई." तो मऊपणानं "तिकीट आहे का, मावशी?" म्हणाला. खेकसला असता तरी तिला बरं वाटलं असतं. आता कुणाचे पाय धरावेत, तेच तिला कळेना. ती पुन्हा काचेपाशी आली. आत ओढणी या साहेबाकडून त्या साहेबाकडं हिंडत होती. मग काउंटरवरचा दिवा गेला आणि बाई पाणी पिऊन उठून गेली.

कोमल बॅग ओढत बाहेर आली. नाथा धावला.

"काय झालं गं?"

"पासपोर्टावर डाग हाय, आबा. नवा काढाय लागंल."

"आन नोकरी?"

"ती गेली."

"कुणी लावला डाग? एजंटाच्या हापिसातच लावला असणार!"

"असंल कुणी तरी. चला आता."

उभ्या जन्मात मेंढराला शिवी न दिलेला माणूस भर गर्दीत ओरडला, "ज्यानं माझ्या लेकीचं वाटोळं केलं, त्याचं हात झडू—"

कोमलनं झडप घालून त्याचं तोंड दाबलं. "नगं, आबा! नगं बोलू!"

भागूबाई पुढं होऊन उभी राहिली.

"बोलू दे गं त्यास्नी," ती म्हणाली. "हात माझंच हायेत."