कातारिनोसाठी गोडं पाणी

कातारिनो, लाटांनी तुझी रिकामी होडी परत आणली त्याला दोन वर्षं झाली. तोमासा मावशी सारखी म्हणायची, "भावाला आंघोळ घाल. अंगणात खड्डा खण, कसाव्याच्या कंदाचं पाणी ओत. आपल्या गारिफुना माणसाला मेल्यावर ही आंघोळ लागतेच." मी घातली नाही. घातली असती तर तू मेलास हे कबूल करावं लागलं असतं.

"त्याला पोहता येतं," मी म्हणायचे.

"दोन वर्षं? मासा आहे का तो?"

काल पाठीवर पिशवी घेतलेली एक परदेशी मुलगी लाँचमधून उतरून आमच्याकडे भाड्याच्या खोलीत राहायला आली. आज नाश्त्याला म्हणाली, "पहाटे दारात एक माणूस उभा होता. अंगभर मीठ वाळलेलं, डाव्या हाताला चारच बोटं. अंग धुवायला गोडं पाणी मागत होता. मी बाटली पुढे केली, तर म्हणाला, बहिणीनं दिलं तरच चालेल."

तुझ्या तुटलेल्या बोटाबद्दल तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी फावडं उचललं. खणताना तुला शिव्या घातल्या. परक्या पोरीकडे मागताना लाज नाही वाटली?

"तुझ्याकडे मागून थकला गं तो," मावशी म्हणाली.

खड्डा भरलाय, कातारिनो. पाणी कोमट आहे. ये, आणि मग जा.