आत्याच्या दारावरची फुली

भूकंपानंतर पाडायच्या घरांवर लाल फुल्या मारायचं काम पेंटरकडे आलं. इंजिनिअरच्या यादीत एक दिवस त्याच्या आत्याचंच घर निघालं. आत्या शिलाई मशीन घेऊन दारातच ठाण मांडून बसली होती.

"आत्या, भिंत मधोमध फाटलीय. ऊठ आता."

"जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, आणि शेजारणीच्या दारावर हे कोंबडीचे पाय? माझी तरी धड काढ."

त्याने दोरीने आखून, कडा सावरत फुली रंगवली. त्याला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात आत्याने भांडी बाहेर काढली. मग दोघांनी मशीन उचलून तंबूत नेलं.

तिसऱ्या दिवशी घर पाडलं. आत्या बघायला गेली नाही. तिला शेजारणीच्या तंबूचा पडदा शिवून द्यायचा होता.