शंभर टक्के मेंढरं

"साहेब, आपल्या हद्दीत लस टोचायचं एकबी मेंढरू राह्यलं नाय. शंभर टक्के!" करमाडजवळच्या ढोरांच्या दवाखान्यात बद्रीनाथनं छाती फुगवून फोनवर सांगितलं. फोन ठेवून वळला, तर दारात बानाबाई धनगरीण.

"लई ग्वाड झालं, डाक्टर. मंग माही मेंढरं कोन्या मुलखातली म्हनायची?"

बद्रीनाथची छाती जागच्या जागी बसली.

लस आली होती, खोटं नाही. पण लाईट गेली ती आलीच नाही, फ्रिजातली लस तापून बाद झाली. साहेबांना त्यानं सांगितलंही. साहेबांनी त्याला शहरातल्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत उभं केलं. "लाईटीचं रडगाणं नको. सोमवारी शंभर टक्के दिसलं पाहिजे, नाय तर बदली करून पार सोयगावला फेकतो!"

पोरीची शाळा बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं आली. टोचलेल्या जनावराच्या कानात बिल्ला मारून फोटो वर पाठवायचा, असा नियम. त्यानं शेजारच्या काकासाहेबांच्या एकाच बोकडाच्या कानाला सगळे बिल्ले आळीपाळीनं दोऱ्यानं बांधले अन् फोटो काढले. बोकड दर फोटोत नवरदेवासारखा ऐटीत. वर फोटो मोजले गेले. तोंड कुणी पाहिलं नाही.

मग साथ आली. बानाबाईची मेंढरं नाकातोंडातून गळायला लागली, दोन मेली. बद्रीनाथनं घाबरून फोनवर लस मागितली.

"शंभर टक्के झालंय ना? मग लस कशाला?" साहेब हसले. "उलट परवा तुमच्या दवाखान्यातच तुमचा सत्कार ठेवलाय."

सत्काराला बानाबाई पुढंच बसली, मांडीवर खोकणारं कोकरू घेऊन. साहेबांनी शाल घातली. बद्रीनाथनं माईक ओढला.

"एकबी मेंढरू टोचलं नाय. सगळे फोटो काकासाहेबांच्या बोकडाचे हायत!"

मागच्यांना गंमत वाटली. टाळ्या पडल्या. साहेबांनी शाल परत ओढली अन् दातओठ खात कानाशी म्हणाले, "वर काय तोंड दाखवू मी? मलाबी वरून दाब हाय!"

"तुमाला वरचा, मला तुमचा. मेंढरानं कुनाला दाबायचं, साहेब?"

बानाबाई उठली. "आता तरी लस येईल ना रं, लेका?"

"येईल, मावशे."

दुसऱ्या दिवशी लस आली. त्याच गाडीतून बद्रीनाथच्या निलंबनाचा कागद आला. टोचायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून लस फ्रिजात ठेवली. संध्याकाळी लाईट गेली.