स्कूटरची ट्यूब

बेटावर उतरताना गाडीच्या टायरची हवा अठरा पौंडांवर आणायची आणि माणसाची निम्म्यावर. नियम आहे तिथला. वाळू इतकी मऊ की भरलेलं माणूस गुडघ्यापर्यंत रुततं, आणि रुतलं की त्याला ओढून काढण्यात अर्धा दिवस जातो. टायरची हवा वाऱ्यावर सोडली तरी चालते, परत भरायला कॉम्प्रेसर असतो. माणसाची मात्र ट्यूबमध्ये धरून ठेवावी लागते, कारण माणसाला स्वतःचीच हवा लागते, नाहीतर दुसऱ्या माणसाची. सर्जेराव पोवारांनी मागच्या ट्रिपला हट्टाने कॉम्प्रेसरची भरून घेतली होती. पाच मिनिटांत सगळी ढेकरांतून निघून गेली.

माणसाचा व्हॉल्व्ह डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला असतो.

ट्यूबा आणायचं काम माझ्याकडे होतं. मी हिंदुराव चौगुले, तीस वर्षं टायरचं दुकान चालवतो. टायरला लाथ मारून मी आतली हवा सांगतो आणि ती पौंडभरही चुकत नाही. आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी ते सगळ्यांना सांगितलेलं आहे. या वेळी तीन गाड्या होत्या. पुढे सर्जेराव, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, ग्रुपचे लीडर. मधे दातांच्या डॉक्टर केतकी मगदूम आणि त्यांचे मिस्टर, जे बोलत नाहीत. शेवटी मी आणि माझी बायको शालन. मी स्वतःला ट्रकची ट्यूब घेतली होती, सर्जेरावांना ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची, डॉक्टर नवराबायकोला जीपच्या दोन. शालनला स्कूटरची घेतली. पाच फुटांची बाई, त्यात बोलणं कमी. पुरे झाली, म्हटलं.

बार्जवाल्याने आम्हाला वाळूवर उतरवलं आणि फळी वर ओढायच्या आधी बजावलं, "परत जाताना अर्धो माणूस माका नको. मधी खाडीत वारो उचलून नेता. उद्या अमावास्या, उधाण असा. बारा वाजता शेवटची खेप."

"आमी काय नवीन न्हाई, मामा," सर्जेराव म्हणाले.

आम्ही सगळे आपापल्या गाडीच्या फाळक्यावर बसलो आणि हवा सोडायला लागलो. शालन पाय खाली सोडून बसली होती. मी तिच्या घोट्यापाशी उकिडवा बसलो.

"अवो, गेज लावा की," ती म्हणाली. "सर्जेराव भावजी देत्यात."

"तुला काय गेज लावायचं."

एकतीस वर्षांचा संसार होता. मी अंगठ्याच्या नखाने व्हॉल्व्ह दाबला. वीस अंक मोजेपर्यंत स्कूटरची ट्यूब टम्म झाली. मी तिला टोपण लावलं, खडूने शालनचं नाव घातलं आणि आरशाला अडकवली. पण शालन अजून चांगलीच भरलेली होती, फाळका तिच्या बाजूला खाली गेला होता. दुसरी ट्यूब नव्हती. उरलेली थोडीशीच असणार, म्हणून मी ती तशीच वाऱ्यावर सोडायला लागलो. सर्जेराव तेवढ्यात त्यांच्या बेअरिंगच्या आवाजाचं सांगायला आले. ते पहिल्यापासून सांगतात. शिकेकाईचा वास आला, फोडणीचा आला, मग नव्या कोऱ्या वहीचा आला. वहीचा कुठून, ते मला कळलं नाही. सर्जेरावांची कहाणी संपली तरी हवा येतच होती. मला वाटलं निम्मी झाली असेल, तेव्हा मी अंगठा काढला.

"कसं वाटतंय?"

"हलकं," शालन म्हणाली. "गुडघं दुखायचं थांबलं."

तिचा आवाज बारीक झाला होता. तिच्या पायातली जोडवी वाळूत पडली. मी ती उचलून खिशात टाकली.

बेटाला एक फेरी मारायला चाळीस मिनिटं लागली. वाळूवर चालवायची एक पद्धत असते: पुढच्या गाडीने पाडलेल्या मागातूनच मागच्यांनी जायचं, मधे थांबायचं नाही, स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही. शेवटच्या गाडीवाल्याने मात्र सारखं मागे बघायचं, कारण त्याच्यामागे कोणी नसतं. मी बघत होतो. आमच्या तिन्ही गाड्यांचा मिळून एकच खोल माग वाळूवर दिसत होता. प्रत्येक उंचवट्यावर शालन सीटवरून उठायची आणि पट्ट्याला अडून परत खाली यायची. तिला हसू येत होतं. मी म्हटलं, मजा करतेय, करू दे.

खेकड्यांनी वाळूवर काढलेली जाळी बघायला ती खाली उतरली. परत आल्यावर डॉक्टर केतकी माझ्याजवळ आल्या.

"काका, काकूंची पावलं उमटत नाहीयेत."

"बायका जपून चालतात," मी म्हणालो.

संध्याकाळी सुरूच्या बनात तंबू लावले. शालनला डाव उचलेना, म्हणून रस्सा मी केला. लग्नानंतर पहिल्यांदा. वारा सुटला तशी सर्जेरावांनी गाडी ओढायचा टोचनाचा पट्टा आणून शालनला गाडीच्या बंपरला सैलसर बांधलं. आम्ही ताटं घेऊन बसलो. पहिला घास घेतला आणि वारा शालनच्या आवाजात म्हणाला, "मीठ कमी हाय."

सगळ्यांनी चव बघितली. कमीच होतं. डॉक्टरांच्या मिस्टरांनी मीठ पुढे केलं.

मग वारा थांबेना. आईचे डोळे वेळेवर दाखवायला हवे होते, म्हणाला. हिरवी साडी मला कधीच आवडली नव्हती, म्हणाला. दुकानाच्या पाटीवरचा रंग उडालाय, ह्यांना दिसत कसं नाही, म्हणाला. आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू आलं की माणसं जेवतात तसं. शालन बंपरपाशी बसून ऐकत होती, जणू कोणी तिसरीच बाई बोलतेय.

"मला गाडी शिकायची हुती," वारा म्हणाला. "वही घालून रस्त्यावरच्या खुणा पाठ केल्या हुत्या."

मला लाज वाटली. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा तिने विचारलं होतं. मी आहे की, तुला कशाला, असं मी म्हणालो होतो आणि विसरून गेलो होतो. ती बोलली नाही म्हणजे तिच्यात काही नाही, असा हिशेब मी एकतीस वर्षं धरला आणि त्या हिशेबाने स्कूटरची ट्यूब आणली.

"एवढं हुतं व्हय तुझ्यात?" मी तिला विचारलं.

"मला बी ठावं नव्हतं," ती म्हणाली. "जाऊ द्या. गेलंय न्हवं आता."

सकाळी उठलो तेव्हा बेट लहान झालं होतं. सुरूची पुढची रांग पाण्यात उभी होती. एक फेरी वीस मिनिटांत संपली. सर्जेराव म्हणाले, भिजून वाळू घट्ट झालीय, आधी माणसं भरून घेऊ, मग गाड्या. सगळ्यांनी आपापली ट्यूब घोट्याला जोडली. माझी ट्रकची ट्यूब रिकामी व्हायला चांगली चार मिनिटं लागली. शालनची एका दमात संपली. मी ती पिळून बघितली. आत काही नव्हतं.

सर्जेरावांनी न विचारता गेज लावलं. माझी हवा तीस भरली. शालनची सहा.

"बार्जवाले मामा कितीला घेतात?" मी विचारलं.

"तीसच्या खाली न्हाई घेत," सर्जेराव म्हणाले, आणि गेज माझ्या हातात ठेवून गाडीकडे गेले.

मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. मी माझी ट्रकची ट्यूब बोनेटवर बांधली, तिच्या तोंडाला डिझेलचं नरसाळं लावलं आणि शालनचा वारा धरायला निघालो. शालनला शेजारी पट्टा लावून बसवलं होतं. फेरी आता बारा मिनिटांची झाली होती. वारा जिकडून बोलायचा तिकडे मी गाडीचं नाक वळवायचो. उत्तरेच्या टोकाला "दूध उतू गेलं" एवढं नरसाळ्यात आलं. पुढच्या फेरीला एका भाजीचं नाव आलं, अर्धवट. मी ते दोन्ही तिच्यात भरलं आणि गेज लावलं. काटा सहावरच होता.

अकराच्या सुमाराला वारा फिरला आणि समुद्राकडे वाहायला लागला. तिचा आवाज पाण्यावरून लांब जाताना ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते. फेरी चार मिनिटांची झाली. स्टिअरिंग सारखं एकाच बाजूला धरून ठेवावं लागत होतं.

"बास करा," शालन म्हणाली. "मला गरगरतंय."

मी गाडी थांबवली. बार्ज लागलं होतं. सर्जेरावांची आणि डॉक्टरांची गाडी फळीवरून चढली होती. बार्जवाला शालनपाशी आला, त्याने तिचं मनगट धरून जरासं वर उचललं आणि सोडलं. ती बऱ्याच वेळाने खाली आली.

"तुमका घेतंय," तो मला म्हणाला. "तेंका नाय."

"मी धरून बसतो तिला."

"गेल्या वर्षी एकान असाच धरल्यान होता. हात तेवढो ऱ्हवलो."

"हिंदुराव," सर्जेराव बार्जवरून म्हणाले, "तुमी तरी चढा. उद्या भरती उतरली की येऊ आपण सगळे."

डॉक्टर केतकींनी तोंड फिरवलं होतं. त्यांचे मिस्टर माझ्याकडे बघून पहिल्यांदा बोलले. "काका, उद्या इथं काही नसेल."

ते खरंच होतं, आणि सगळ्यांना ते दिसत होतं. मी सर्जेरावांना हात केला. फळी वर गेली. बार्जच्या इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग फक्त पाण्याचा आला.

दुकानात दोन टायरना एकच नळी जोडायची एक जुनी तऱ्हा आहे. कॉम्प्रेसर बंद पडला की आम्ही भरलेल्या टायरमधून बसलेल्या टायरमध्ये हवा घेतो. मी टूलबॉक्समधून ती नळी काढली. एक टोक माझ्या घोट्याला लावलं, दुसरं तिच्या.

"काय करताय?" शालन म्हणाली.

"बस गप. न्हाई, गप बसू नको. बोल."

हवा जायला लागली. आधी माझ्या खांद्यांतून गेली, मग पोटातून. शालनचे गाल भरले. तिचा आवाज जाड झाला.

"अवो, तुमची हवा लई कडू हाय."

"असू दे."

"आन् ह्यात निम्मं दुकानच हाय. कुठल्या ट्रकला किती, कुणी कवा टायर नेलं." मग हळू म्हणाली, "पाटीचा रंग उडालेला तुमाला दिसत हुता की."

"दिसत हुता."

मी गेज हातात धरून बसलो होतो. एकदा माझ्या घोट्याला, एकदा तिच्या. पंचवीस आणि अकरा. वीस आणि सोळा. मग काटा थांबला. एका नळीने जोडलेल्या टायरची हवा सारखी झाली की पुढे सरकत नाही, कितीही वाट बघा. मी तरी वाट बघितली. पाणी मागच्या चाकांच्या मागे दोन हातांवर आलं, पुढेही तेवढीच वाळू उरली. मी शेवटचं गेज लावलं. तिची अठरा होती. माझीही अठरा.

गाडीच्या टायरला कॉम्प्रेसरची हवा भरायची राहून गेली होती. तेही अठरावरच होते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर चढायला गेलो, पण माझ्या पायांत क्लच दाबण्याएवढा जोर उरला नव्हता. हवा ट्यूबमध्ये ठेवून हलकं होणं वेगळं; ती कायमची गेल्यावर हलकं राहण्याची मला सवय नव्हती. शालनला कालपासून होती.

"सरका तिकडं," ती म्हणाली.

मी सरकलो. ती माझ्या जागी बसली, सीट पुढे ओढली, आरसा तिच्या उंचीला वळवला. मी खिशातून जोडवी काढून तिच्यापुढे धरली. तिने पाय वर घेऊन ती बोटांत घातली. जोडवी घट्ट बसली.

"डावा क्लच," मी म्हणालो. "मधला ब्रेक."

"ठावं हाय."

तिने किल्ली फिरवली. गाडी पहिल्यात टाकली. समोर वाळू संपलेली होती आणि पाणी अगदी सपाट होतं, वाऱ्याची एक सुरकुतीसुद्धा नव्हती. लांबवर, बार्ज गेलं त्याच्या उलट दिशेला, कोणीतरी बाई बोलत असल्यासारखं वाटत होतं.

"हळू सोड क्लच," मी म्हणालो.

तिने एकदम सोडला, तरी गाडी अलगद पाण्यावर निघाली. मी शेवटच्या गाडीवाल्याच्या सवयीने मान वळवून मागे बघितलं. आम्ही उभे होतो तिथपासून पाण्यापर्यंत वाळूवर कुठेही चाकांचा माग नव्हता.