मंत्र्यांच्या मुलाची तुकडी

नकाशावाल्याला काढलं त्या दिवशी आमच्या घरात चहाचे कप कमी पडले.

नकाशावाला हे आधीच्या संरक्षणमंत्र्यांना लोकांनी ठेवलेलं नाव. हा माणूस टीव्हीवर आला की हातात छडी आणि मागे नकाशा. छडी रोज थोडी पुढे सरकायची, आणि रोज कुठल्यातरी गावात एक शवपेटी येऊन पोचायची. बरेच महिने लोकांनी हे पाहिलं आणि मग त्यांचं डोकं फिरलं. दोन पोटनिवडणुका हातच्या गेल्यावर पंतप्रधानांना साक्षात्कार झाला, की युद्धात काही चुकलेलं नाही, छडी धरणारा तेवढा चुकला आहे. सकाळी राजीनामा घेतला आणि दुपारी त्याच्या बंगल्यावरची पाटी उतरली. रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, जसं काही युद्धच संपलं.

आमच्या बैठकीच्या खोलीत मात्र कुणी मिठ्या मारत नव्हतं. तिथे पंतप्रधानांच्याच पक्षातले, पण या युद्धाला विटलेले बारा खासदार दाटीवाटीनं बसले होते, आणि त्यांचे पुढारी म्हणजे आमचे हे. आठवडाभरात संसदेत अविश्वास ठराव येणार होता. हे बारा जण ठरावाच्या बाजूनं गेले की सरकार पडणार होतं. विरोधी पक्षानं तर जाहीरच केलं होतं, आम्ही आलो की सैन्य माघारी. राजकारण मला फारसं कळत नाही, पण एवढं कळत होतं, कारण आमचा बाब्या तिकडे होता.

बाब्या आमचा एकुलता एक. घरात दिवा लावल्याशिवाय झोप न येणारा मुलगा सैन्यात गेला, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. त्याच्या तुकडीची परत यायची वेळ जवळ आली होती. यादीत पुढचा नंबर त्यांचाच होता. पण सरकारच पडलं तर यादीची भानगडच उरणार नव्हती, सगळेच येणार होते.

तोवर आम्हा आयांची एक साखळी होती. तिकडून सगळ्यांना एकदम फोन करता येत नसे. ज्याची वेळ असेल त्यानं घरी फोन करायचा, आणि ज्या आईला फोन येईल तिनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला. बोलायचं एवढंच: ‘सगळे बरे आहेत, पुढे सांगा.’ माझ्या आधीची कडी म्हणजे ढोल्याची आई. ढोल्या हा बाब्याचा तुकडीतला जिवलग. नाव ढोल्या, आणि फोटोत बघावं तर नुसता काडी. त्याची आई घरी शिवणकाम करायची. तिचा फोन आला की मागे मशीन थांबल्याचा आवाज यायचा आणि मग ती म्हणायची, “ताई, बरे आहेत हो, पुढे सांगा.” तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

तर त्या दिवशी कप कमी पडले, मी शेजारून आणले, आणि चहा घेऊन आत जाते तो पंतप्रधानांचा फोन. हे बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. परत आले तेव्हा चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी ओळखलं. लग्नानंतर पहिल्यांदा निवडून आले तेव्हाही असंच होतं.

“मला संरक्षण खातं देतायत,” हे म्हणाले.

खोलीत कुणी कप खाली ठेवेना की तोंडाला लावेना.

“म्हणजे तुमचं तोंड बंद करतायत,” मी म्हटलं. बाहेरच्या माणसांसमोर मी सहसा बोलत नाही. पण निघून गेलं तोंडातून.

“अगं, आत शिरूनच थांबवता येतं. बाहेरून ओरडून काय होतंय?”

“ठरावाच्या बाजूनं हात वर करा, त्यानं होतंय.”

“सरकार पाडून येणारे तरी थांबवतील कशावरून? मी थांबवीन. माझा स्वतःचा मुलगा तिथे आहे.”

हेच वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होतं, फक्त ते पंतप्रधानांच्या तोंडी होतं: ‘आता जे संरक्षणमंत्री आहेत, त्यांचा स्वतःचा मुलगा तिथे आहे.’ मग कळलं की यांना कशासाठी निवडलं. बाब्यासाठी निवडलं होतं.

बारा जणांचं काय झालं ते सांगायलाही लाज वाटते. पुढारीच मंत्री झाल्यावर बाकीच्यांनी कुणाच्या भरवशावर बंड करायचं? एकाला बंदरांचं खातं मिळालं, दोघांना कसल्याशा समित्या, चौघे यांच्या शब्दाखातर गप्प बसले. उरलेल्यांनी हात वर केले ते मोजण्याइतकेही नव्हते. ठराव आपटला. ज्या युद्धाला लोक रस्त्यावर शिव्या देत होते, त्याला आमच्या ह्यांच्यामुळे पुन्हा अब्रू आली. भाजीवाला मला म्हणाला, “साहेब आहेत म्हणजे काहीतरी असेलच की हो त्यात.” मला भाजी तिथेच टाकून यावीशी वाटली.

इथे यांच्या प्रामाणिकपणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. हे कधीच लबाड नव्हते. लबाड असते तर मी सांभाळून घेतलं असतं. हे नगराध्यक्ष होते तेव्हा शहरातले सगळे रस्ते डांबरी झाले, आमची गल्ली सोडून. का, तर नगराध्यक्षांनी आपल्या दारातला रस्ता आधी केला असं कुणी म्हणू नये. तीन पावसाळे आम्ही चिखल तुडवला. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाई खड्ड्यात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. हे त्यांना बघायला दवाखान्यात गेले, आणि तिथेही ऐकवून आले की मी स्वतःच्या गल्लीला कधी झुकतं माप दिलं नाही. बाईंनी हात जोडले. ते कौतुकानं जोडले की ‘आता पुरे’ म्हणून, हे यांना आजतागायत कळलेलं नाही. यांचा प्रामाणिकपणा नेहमी दुसऱ्याच्या हाडावर उभा असायचा.

हे मला ठाऊक होतं. तरी संसदेत यांचं पहिलं भाषण होतं त्या दिवशी मी नवी साडी नेसून वर गॅलरीत जाऊन बसले. मनात म्हटलं, कुणी सांगावं, तारीख जाहीर करतील.

विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “आता मुलाला आधी घरी आणणार का?”

हे थांबले. चष्मा काढला. यांनी चष्मा काढला की मला धडकी भरते.

“माझ्या मुलाच्या तुकडीचा परतीचा नंबर या महिन्यात आहे,” हे म्हणाले. “मी या सभागृहाला शब्द देतो. ती तुकडी सगळ्यात शेवटी येईल.”

सगळं सभागृह बाकं वाजवायला लागलं. विरोधकांनीसुद्धा वाजवली. शेजारच्या खुर्चीतल्या एका मंत्र्यांच्या पत्नींनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “धन्य आहे तुमची.” मी खाली बघत होते. हे मान वर करून मला शोधत होते, शाबासकीसाठी.

घरी आल्यावर मी विचारलं, “तुकडीत बाब्या एकटा आहे का?”

“तसं नाही गं. पण माझ्यावर कुणी बोट ठेवायला नको.”

“तुमच्यावर बोट नको म्हणून तिथे एवढी पोरं ठेवलीत?”

“तुला तत्त्व कळत नाही,” हे म्हणाले आणि जेवायला बसले. चांगले पोटभर जेवले. मी ताट वाढलं, हेही सांगते, कारण मला माझाच संताप येतो.

त्यानंतर साखळी माझ्यापर्यंत येईनाशी झाली. आयांनी मला गाळलं. भांडण कुणी केलं नाही. मी फोन केला तर म्हणायच्या, “तुम्हाला काय, तुमच्या घरातच कळत असेल.” एकटी ढोल्याची आई तेवढी फोन करत राहिली. आवाज कोरडा झाला होता, पण मशीन थांबायचं आणि ती सांगायची, “बरे आहेत. पुढे सांगा.” पुढे सांगायला माझ्याकडे आता कुणी नव्हतं, हे मी तिला बोलले नाही.

बाब्याचा एकदा फोन आला.

“बाबांचं भाषण ऐकलं आम्ही. सगळ्यांनी मिळून.”

“मग?”

“मग काही नाही. सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात गं, आई. ढोल्या तर स्वतःचा चहा मला देतो. तेच सहन होत नाही.”

बाबांशी बोलतोस का, असं मी विचारलं तेव्हा लाइन गेली. गेली की त्यानं ठेवला, मला माहीत नाही.

त्या महिन्याच्या अखेरीला यादीत मागे असलेली एक तुकडी वाजतगाजत परत आली. त्याच आठवड्यात बाब्याच्या तुकडीच्या ठाण्यावर तोफगोळे पडले. पाच मुलं गेली. बाब्या पलीकडच्या खंदकात होता म्हणून वाचला. ढोल्या गेला.

नकाशावाला अशा वेळी छापील पत्र पाठवायचा. हे स्वतः जायचे, त्याचंही वर्तमानपत्रांनी कौतुक केलं होतं. “तूही चल,” हे म्हणाले. “तू बरोबर असलीस तर बरं दिसेल.” मी गेले. मला बरं दिसायचं नव्हतं, मला तिच्याकडे जायचं होतं.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन, त्यावर शाळेच्या गणवेशाचा सदरा, एकच बाही लावलेला. आमच्यासाठी मध्यभागी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. समोर खाटेवर ढोल्याची आई बसली होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला वाटलं होतं थोराड असेल, पण इवलीशी बाई. दारात फोटोवाले.

हे पुढे वाकून म्हणाले, “ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. माझाही मुलगा त्याच तुकडीत आहे.”

“माहितीये,” ती म्हणाली. “तुमचा आहे म्हणून तर आमचा राहिला तिथे.”

ती ओरडली नाही. फोनवर निरोप सांगायची त्याच आवाजात बोलली. यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

मी खुर्चीवरून उठले आणि खाटेवर तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. थोडी सरकली मात्र, मला टेकता यावं एवढी.

“चल, निघायचंय,” हे हलक्या आवाजात म्हणाले.

“तुम्ही व्हा पुढे. मी इथे बसते.”

“अगं, बाहेर गाडी...”

“ऐकलंत ना? मी इथे बसते.”

दुसऱ्या दिवशी तोच फोटो सगळीकडे होता. एका बाजूला एक रिकामी खुर्ची आणि एका खुर्चीत मंत्री, दुसऱ्या बाजूला खाटेवर दोन बायका. लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. या वेळी हातात आमचा फोटो. पंतप्रधानांनी यांना बोलावून घेतलं, आणि संध्याकाळी बातमी आली की संरक्षणमंत्र्यांनी कौटुंबिक कारणांमुळे राजीनामा दिला आहे. कौटुंबिक कारण म्हणजे मी.

“तू मला बुडवलंस,” हे म्हणाले. “मी काय खोटं वागलो, सांग.”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “तेच तर रडणं आहे.”

तिसरे संरक्षणमंत्री अविवाहित आहेत. देश हेच माझं कुटुंब, असं त्यांनी पहिल्याच मुलाखतीत सांगितलं. त्यांच्या घरात खुर्चीवरून उठायला कुणी नाही, हे पंतप्रधानांनी नीट पाहून घेतलं असणार. लोकांनी पुन्हा एकदा वाट बघायचं ठरवलं. युद्ध चालू आहे. बंदरंवाल्यांची बंदरंही चालू आहेत.

नव्या मंत्र्यांनी जुनी यादी पुन्हा लावली, आणि त्यात काही उपकार नव्हता, नंबर होताच बाब्याच्या तुकडीचा. बाब्या आता कुठल्याच मंत्र्याचा मुलगा नव्हता, त्यामुळे त्याला घरी यायला कुणाची हरकत उरली नव्हती.

तो यायचा त्या दिवशी हे पहाटेच दाढी करून तयार झाले. मी गादीवर स्वच्छ चादर घातली, त्याचा जुना टॉवेल काढून ठेवला. सकाळी सैन्याच्या गाड्या शहरात आल्याचं टीव्हीवर दाखवलं. हे पुढचं दार सताड उघडून उंबऱ्यात उभे राहिले. गल्लीतून कुणीही आलं की एक पाऊल पुढे टाकायचे आणि पुन्हा मागे यायचे. या माणसाची मला कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

दुपारी फोन वाजला. पलीकडे मशीनचा आवाज नव्हता.

“ताई, तुमचा पोचला. बरा आहे.”

“कुठे आहे?”

“इथे. सकाळीच आला. थोडं जेवला, आणि ढोल्याच्या खाटेवर झोपलाय. बूटसुद्धा काढले नाहीत.” मग म्हणाली, “उठवू का?”

“नको,” मी म्हटलं. “झोपू दे.”

“बरं. पुढे सांगा मग.” तिनं फोन ठेवला.

पुढे सांगायला माझ्यासमोर एकच माणूस होता. तो उंबऱ्यातून वळून माझ्याकडे बघत होता, ‘कोण होतं, काय म्हणाले’ असं विचारत होता.

“दार लावून घ्या,” मी म्हटलं. “तो इथे येत नाहीये.”